विओरिकाचे सहा खांदेकरी

शुक्रवारी संध्याकाळी ऑल्डरफ्लीटमधल्या रेमंडच्या मासे-बटाट्याच्या दुकानापुढे जी रांग लागते, तिच्यात गावातल्या प्रत्येकाचा कधी ना कधी नंबर येतो. मासे घ्यायला नव्हे, सोलून निघायला. विओरिका बालानचा नंबर आला की रांगेचं मत ठरलेलं असे. "भली बाई आहे. कामाला तर वाघ. पण बोलते फार सरळ." यावर सगळे हळहळत मान हलवत. इंग्लंडातल्या लिंकनशरच्या त्या ओल्या, सपाट मुलखात सरळ असावेत ते कालवे आणि कोबीचे वाफे. माणसाने बोलताना जरा वळसा घ्यावा, समोरच्याला बाजूला व्हायला जागा ठेवावी, अशी तिथली रीत.

विओरिका रुमानियाच्या एका खेड्यातून आलेली. तिच्या गावात 'कशी आहेस?' असं कुणी विचारलं तर तो माणूस आधी बसायला जागा बघतो, कारण उत्तरात गुडघा येतो, गाय येते, आणि सासू तर येतेच येते. भाजी पॅक करायच्या कारखान्यात ती लागली तेव्हा पहिल्याच सकाळी मुकादम नाइजेल जाता जाता म्हणाला, "काय, बरी ना?" आणि पुढे चालू लागला. विओरिका त्याच्या मागोमाग निघाली. दाढ कशी ठणकतेय, लवंग दाबून कशी रात्र काढली, हे सगळं तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. नाइजेल पावलं वाढवत होता, तीही वाढवत होती. शेवटी तो पुरुषांच्या संडासात शिरला तेव्हा कुठे ती थांबली. ही हकीकत त्या कारखान्यात अजून सांगतात, आणि दर वेळी संडासापर्यंतचं अंतर थोडं वाढतं.

तिचा नवरा नेकुलाय फ्लॉवरच्या शेतात कापणीवर होता. गडी आडवातिडवा, मिशा पांढऱ्या, आणि इंग्रजी शब्द मोजून चाळीस. "अगं, शिकून काय करू?" तो म्हणायचा. "फ्लॉवरला कुठे इंग्रजी येतं?" पण त्या चाळीस शब्दांत त्याने जेवढी माणसं जोडली तेवढी विओरिकाला दोन वह्या भरूनही जोडता आली नाहीत. शेजारचा टेरेन्स स्टबली एकदा कुंपणापलीकडून सहज म्हणाला, "या पन्हळीकडे एकदा बघायला हवं." तिथल्या भाषेत याचा अर्थ, अजून चार वर्षं ती अशीच गळणार. नेकुलायने शिडी आणली आणि तासाभरात पन्हळ काढून अंगणात ठेवली. टेरेन्सची बायको जॉयस रात्रीच्या झग्यातच बाहेर आली, "अहो, हे काय, हे काय" करत राहिली, आणि मग तिने मुकाट्याने चहा टाकला. त्या दिवसापासून गल्लीत कुणाचं काही मोडलं की ते नेकुलायच्या ऐकण्याच्या टप्प्यात मोठ्याने बोललं जाऊ लागलं. मागायचं कुणीच नाही. नुसतं आभाळाकडे बघून म्हणायचं, "छे, या सायकलला काय झालंय कोण जाणे."

विओरिकाला मात्र भाषा शिकायची होती. दर मंगळवारी ती वाचनालयात ऑड्री पिंचबेक यांच्या वर्गाला जाई. पिंचबेकबाई चाळीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, केस कापसासारखे, अंगात कायम एकच हिरवा स्वेटर. रुमानियन, लिथुआनियन, पोर्तुगीज अशा पाच-सहा बायकांना त्या रोजच्या बोलण्यातली वाक्यं शिकवत. पाऊस मुसळधार पडला की इंग्रज कुत्री-मांजरं पडली म्हणतात, हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं. विओरिकाने ते पाठ केलं आणि सहा वर्षं वाट पाहिली. ऑल्डरफ्लीटमध्ये घरांच्या उंबऱ्याला पाणी लागलं तरी लोक एवढंच म्हणत, "जरा ओलं आहे आज."

तिची एक निळ्या पुठ्ठ्याची वही होती. डाव्या पानावर गावात ऐकलेलं वाक्य, उजव्या पानावर मंगळवारी बाईंनी सांगितलेला अर्थ. ही वही सुरू झाली ती जॉयसच्या चहामुळे. जॉयस एकदा म्हणाली, "कधीतरी या ना चहाला." विओरिकाने त्याच रविवारी अक्रोडाचा मोठा केक भाजला आणि नवऱ्याला इस्त्रीचा सदरा घालून शेजारी नेलं. दार टेरेन्सने उघडलं, पायात एकच मोजा. दोघांनी पाहुण्यांना आत घेतलं, बसवलं, टीव्ही बंद केला आणि पाऊण तास चौघं घड्याळाकडे न बघायचा प्रयत्न करत राहिले. पुढच्या मंगळवारी पिंचबेकबाई हसून हसून लाल झाल्या. "अगं बाई, 'कधीतरी' म्हणजे काही वार नव्हे!"

"मग बोलावलं कशाला?"

"बोलावलं नाही गं. तू आवडतेस, एवढंच सांगितलं."

विओरिकाने उजव्या पानावर लिहिलं: 'आवडतेस. जाऊ नये.' तिला राग आला नव्हता. प्रत्येक मुलखाची रीत असते, ती शिकायची. घरी आल्यावर नेकुलाय मात्र म्हणाला, "केक तर खाल्ला ना त्यांनी? दोन-दोन तुकडे खाल्ले. मग बरोबरच गेलो होतो आपण."

हा नेकुलाय गेल्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी, फ्लॉवरच्या शेतात कापणीचा सुरा हातात असताना खाली बसला आणि उठलाच नाही. वय छप्पन्न. विओरिकाला कारखान्यात निरोप मिळाला तेव्हा तिच्या हातात लिंबाएवढ्या कोबीच्या गड्ड्यांची जाळीदार पिशवी होती. ती तिने पूर्ण भरली, सील केली आणि मग निघाली, असं सांगतात. खरं असावं.

मग लोक आले. म्हणजे तिथे येतात तसे आले. दारात उभं राहायचं, आत यायचं नाही, हातात फुलं किंवा कार्ड, डोकं जरा तिरकं. टेरेन्सचे डोळे खरोखरच लाल होते. "विओरिका," तो म्हणाला, "काही लागलं तर... काहीही... नुसती हाक मार." रेमंडने दुकान अर्धा तास बंद ठेवलं, आला, आणि तेच म्हणाला. नाइजेल मुकादम म्हणाला, "माझ्याकडून काही होण्यासारखं असेल तर संकोच करू नकोस." टपालवाला, औषधाच्या दुकानातले गृहस्थ, चर्चमध्ये घंटा वाजवणारे म्हातारबुवा, सगळे तेच बोलले. पिंचबेकबाई सर्दीने पडून होत्या, त्यांचं कार्ड आलं. चार दिवसांत अकरा जणांनी ते वाक्य तिला दिलं. तिने अकराही नावं वहीत लिहिली. उजवं पान कोरं ठेवलं नाही. मंगळवारची वाटही बघितली नाही. अर्थ तिला कळलेलाच होता. चहाचं निराळं. मेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून कुणी नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. तिच्या गावात प्रेतासमोर दिलेला शब्द म्हणजे शपथ.

आणि तिला लागत होतं. एकच गोष्ट लागत होती. सहा खांदे.

तिच्या गावची रीत अशी की मयताला घरच्यांनी खांदा द्यायचा नाही. भाऊ नाही, भाचा नाही, व्याही नाही. घरच्यांनी मागून रडत यायचं. उचलायचं ते परक्यांनी, शेजाऱ्यांनी, ज्यांच्यात तो माणूस उठला-बसला त्यांनी. किती जणांनी उचललं यावरून तो कसा जगला ते कळतं. भाड्याच्या माणसांनी उचलला, म्हणजे तो शेजार नसल्यासारखा जगला. प्रत्येक खांदेकऱ्याच्या दंडाला विणलेला टॉवेल बांधतात, तो त्याने घरी न्यायचा, जन्मभर ठेवायचा. विओरिकाच्या आईचे, लाल नक्षीचे, तसे सहा टॉवेल तिने ट्रंकेतून काढले. ऑल्डरफ्लीटमध्ये रुमानियन कमी नव्हते, पण एकामागून एक एकाच खेड्यातून आलेले. कोण मेव्हणा, कोण साडू, कोण चुलतसासऱ्याचा नातू. "ताई, आम्ही इथे सत्तावीस जण आहोत," तिचा भाऊ कोस्तेल म्हणाला, "आणि एक माणूस परका सापडत नाही."

"परके खूप आहेत," विओरिका म्हणाली. "अकरा आहेत. मला सहाच हवेत."

अंत्यविधीची व्यवस्था बघणारे मिस्टर ऑलसॉप. उंच, बारीक, आवाज गादीवर ठेवलेल्या बशीसारखा, वाजत म्हणून नाही. ते म्हणाले, "आमची चार माणसं असतात, बाई. तयार, सवयीची. आणि हल्ली बहुतेक लोक चाकांची गाडीच घेतात."

"चाकांची? बटाट्याच्या पोत्यासारखी?"

"तसं नाही... अतिशय सभ्य गाडी आहे." त्यांनी टाय नीट केला. "तुमची माणसं उचलणार असतील तर मला बुधवारपर्यंत सहा नावं लागतील. गुरुवारी अकराला आमच्या अंगणात सराव. उंचीप्रमाणे जोड्या लावाव्या लागतात, नाही तर पेटी एका बाजूला कलते. अंत्यविधी सोमवारी."

विओरिका तशीच टेरेन्सकडे गेली. तिने सगळं सांगितलं, रीत सांगितली, टॉवेल सांगितला. टेरेन्स ऐकता ऐकता कमरेवर हात ठेवून किंचित वाकला. "नेकुलायसाठी... अर्थात," तो म्हणाला. "ही कंबर मेली त्रास देते हल्ली. पण तू माझ्यावर सोड."

'माझ्यावर सोड' हे वहीत आधीच होतं. बाईंनीच अर्थ सांगितला होता: तो माणूस काम अंगावर घेतो, आपण निश्चिंत घरी जायचं. विओरिका निश्चिंत घरी गेली. एक नाव झालं.

नाइजेल म्हणाला, "सोमवारी माल चढवायचा असतो गं. बघतो काय जमतं ते." दोन. रेमंडने तळणीतला झारा बाजूला ठेवला, हात पुसले आणि तिचा हात हातात घेतला. "तुला मला विचारावंसं वाटलं, हाच माझा केवढा मान." तीन. टपालवाला म्हणाला की तो नक्की लक्षात ठेवील. औषधवाले म्हणाले, कळवतो. घंटावाले म्हातारबुवा तर भारावूनच गेले. "काय सुंदर कल्पना आहे! पूर्वी आमच्याकडेही असंच होतं, हं." सहा. पुढच्या पाच दारांत जायची गरजच पडली नाही. बुधवारी तिने मिस्टर ऑलसॉपना सहा नावं स्वच्छ अक्षरात लिहून दिली. नावांपुढे उंचीसुद्धा लिहिली, अंदाजाने.

ऑलसॉपनी कागद वाचला. गावात तीस वर्षं काढलेला माणूस, त्याला काय कळायचं ते कळलं असावं. "बघू या," ते म्हणाले. विओरिकाने हेही वहीत टिपलं.

गुरुवारी अकरा वाजता ऑलसॉपच्या अंगणात रिकामी पेटी वाळूच्या पिशव्या भरून ठेवली होती. विओरिका टॉवेल घेऊन उभी. अकरा वाजले. सव्वाअकरा. घंटावाल्यांकडून एक चिठ्ठी आली, तिच्यात नेकुलायबद्दल फार छान लिहिलं होतं. साडेअकराला टेरेन्सची निळी गाडी फाटकापुढून हळू गेली. पाच मिनिटांनी तीच गाडी उलट्या दिशेने, त्याहून हळू गेली. आत टेरेन्स स्टिअरिंगला चिकटून समोर बघत होता, जणू रस्त्यावर धुकं आहे. तो दिवस त्या नोव्हेंबरातला सगळ्यात स्वच्छ दिवस.

पाऊण वाजता ऑलसॉप म्हणाले, "आपण दुसऱ्या पर्यायांचा विचार करायला हरकत नाही असं मला वाटतं."

"म्हणजे ते येणार नाहीत?"

"तसं मी म्हणणार नाही," ऑलसॉप म्हणाले, आणि त्यांच्या माणसांनी वाळूच्या पिशव्या उतरवायला घेतल्या.

ती तडक पिंचबेकबाईंच्या घरी गेली. बाईंची सर्दी अजून गेली नव्हती. गळ्याला मफलर, समोर वाफेचं भांडं. विओरिकाने कोटही काढला नाही. वही उघडली.

"बाई, या आठवड्यात मला मंगळवारपर्यंत थांबता येणार नाही. मी वाचते, तुम्ही अर्थ सांगा. 'माझ्यावर सोड.' टेरेन्स."

"कसं म्हणाला? हसून?"

"कंबर धरून."

बाईंनी भांड्यावरचं फडकं नीट केलं. "मग नाही."

"'बघतो काय जमतं ते.' नाइजेल."

"नाही, विओरिका."

"'मला विचारावंसं वाटलं, हाच केवढा मान.'"

"अरे देवा. रेमंड का? हे तर फार मोठं 'नाही'."

"'नक्की लक्षात ठेवीन.'"

"नाही."

"'कळवतो.'"

बाईंनी नुसती मान हलवली.

"'काय सुंदर कल्पना आहे.' बाई, हे तरी? इथे तर माणूस रडायला आला होता."

"तो खरंच रडायला आला असेल. पण नाही."

"सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा."

विओरिका खुर्चीत बसली. वाफेच्या भांड्यातून निलगिरीचा वास येत होता. ती म्हणाली, "एकाला तरी 'नाही' म्हणता आलं असतं. दोन अक्षरं आहेत. मी दुसऱ्याकडे गेले असते."

"तुझ्या घरात दुःख होतं गं. त्यांना तुला दुखवायचं नव्हतं."

"मग झालं का न दुखवता?"

बाईंनी नाक पुसलं. चाळीस वर्षं शिकवलेली बाई, तिने शिकवायलाच सुरुवात केली, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. "हे बघ, ते वाईट नाहीत. घाबरतात. लोकांपुढे, पेटीखाली, पाय घसरला तर काय, रडू आलं तर काय. आणि इथे असं तोंडावर सरळ मागितलं की माणूस कोंडीत सापडतो. नाही म्हणता येत नाही, हो म्हणवत नाही. मग तो काहीतरी मऊ बोलतो. आपण समजून घ्यायचं आणि त्याला त्या कोंडीतून सोडवायचं. इथे मागणं म्हणजे... दुसऱ्याला कोंडणं."

विओरिकाने पेन्सिल काढली आणि तेही लिहून घेतलं. सहा वर्षांची सवय. मग तिने पान उलटलं.

"अजून एक आहे. हे कार्डावरून उतरवलंय. 'काहीही, अगदी काहीही लागलं तर, केव्हाही, अर्ध्या रात्रीसुद्धा.'"

पिंचबेकबाईंनी ते अक्षर ओळखायचं काही कारण नव्हतं, वहीतलं अक्षर विओरिकाचं होतं. पण वाक्य आपलंच आहे हे त्यांनी ओळखलं. शहात्तर वर्षांची बाई, मनगटं चिमणीच्या पायासारखी, तिच्या खांद्यावर कोण पेटी देणार होतं? ते विओरिकालाही कळत होतं. ती खांदा मागायला आलीच नव्हती.

"मी हे सगळ्यांनाच लिहिते गं," बाई शेवटी म्हणाल्या. "कुणी गेलं की. किती कार्डांवर लिहिलं असेल, मोजदाद नाही. कधी कुणी आलं नाही."

"पण बाई, ज्याला खरंच म्हणायचं असेल त्याने काय म्हणायचं? ते वाक्य कुठलं?"

सहा वर्षांत या बाईंना कधी अडावं लागलं नव्हतं. पावसाचं विचारा, पैशाचं विचारा, आळशी माणसाचं, चोंबड्या बाईचं, प्रत्येकासाठी दोन-चार वाक्यं तोंडावर तयार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. भांड्यातलं पाणी निवून गेलं.

"मला आठवत नाही," त्या म्हणाल्या. मग घाईने, "सोमवारी मी सँडविच आणीन. काकडीचे. आणीन म्हणजे आणीनच."

आणि खरंच आणले, तीन ताटं. बाईंच्या वाट्याला वाईटपणा येऊ नये म्हणून एवढं नमूद करतो.

सोमवारी सगळं ऑल्डरफ्लीट आलं. हेच तर विओरिकाच्या भावाला शेवटपर्यंत कळलं नाही. अकराच्या अकरा आले, बायकांसह आले, काळे कोट इस्त्री करून आले. रेमंडने दुकानावर पाटी लावली होती. नाइजेलने माल चढवायचं काम दुसऱ्यावर सोपवलं होतं, म्हणजे त्याला जमवता येत होतं. लिंकनहून आलेल्या रुमानियन पाद्रीबुवांनी धूप फिरवला, गायले, आणि ज्यांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं त्यांनी रुमाल काढले. जॉयस तर हुंदके देत होती. प्रेम खोटं नव्हतं, कुणी खोटं म्हणेल त्याची जीभ झडो.

पेटी चाकांच्या गाडीवरून आली. दफनभूमीतल्या डांबरी वाटेवर ती खरोखरच सभ्यपणे चालली, अजिबात वाजली नाही. पण नवी थडगी कालव्याच्या बाजूला, आणि तिथली माती तीन दिवसांच्या पावसाने शेवयांच्या खिरीसारखी झालेली. गवतावर येताच पुढची दोन्ही चाकं रुतली. ऑलसॉपच्या माणसांनी ढकललं, मागे घेतलं, पुन्हा ढकललं. मागचीही रुतली. खड्डा चाळीस पावलांवर होता.

"उचलावी लागेल," ऑलसॉप हळूच म्हणाले.

विओरिकाने पिशवीतून टॉवेल काढले आणि त्या चार माणसांच्या काळ्या बाह्यांवर एकेक बांधला. एकाने अदबीने विचारलं, "परत कुठे आणून द्यायचे, बाई?" चौघांनी उचललं. नेकुलाय जिवंतपणी एकशेदहा किलो होता, त्यात ओकची पेटी. मागच्या डाव्या माणसाचा बूट घोट्यापर्यंत चिखलात गेला, पेटी एका अंगाला कलली, पाद्रीबुवा गाता गाता थांबले. चौघं जागच्या जागी उभे राहिले, पाय सरकवायची भीती वाटून. मधल्या दोन जागा रिकाम्या. पिशवीत दोन टॉवेल शिल्लक. हे कुणाच्या नजरेतून सुटावं एवढं गाव आंधळं नव्हतं.

लोक कोंडाळं करून उभे होते आणि जो तो दुसऱ्याच्या बुटांकडे बघत होता. न बोलावता पुढे होणं म्हणजे आगाऊपणा, त्यातून परक्यांच्या विधीत, कोणती बाजू उजवी कोणती डावी हेही माहीत नसताना. आणि मग टेरेन्सने खिशातून हात काढले. एक पाऊल पुढे टाकलं. पुरतं नव्हे, अर्धं. तिथे थांबला आणि त्याने विओरिकाकडे बघितलं. कमरेवर हात नव्हता. त्याच्या मागे रेमंडनेही कोटाची बटणं काढली होती, असं जॉयस शपथेवर सांगते.

कोस्तेल आपल्या भाषेत पुटपुटला, "ताई, हाक मार. बघ, तयार उभाय तो. नुसतं नाव घे."

विओरिकाने टेरेन्सकडे बघितलं. सगळ्यांच्या देखत, बायकोच्या देखत, कमरेचं कारण एकदा सांगून बसलेला माणूस. त्याचा चेहरा लाल झाला होता. तिला तो कोंडीत सापडलेला दिसला.

"नको," ती भावाला म्हणाली. "त्याला अवघड होईल." आणि तिने नजर खाली घेतली, त्याला सोडवलं.

टेरेन्सने अर्धं पाऊल मागे घेतलं.

मिस्टर ऑलसॉपनी आपली उंच टोपी काढून गवतावर ठेवली आणि स्वतः डाव्या बाजूला मधे शिरले. उंची जुळत नव्हती. पाच माणसांनी, कलत, थांबत, त्या चाळीस पावलांना जवळजवळ दहा मिनिटं घेतली. सहावी जागा रिकामीच गेली.

टेरेन्स आजही रेमंडच्या रांगेत, एक-दोन पेले पोटात गेलेले असले की, त्या दिवसाचा विषय काढतो. "एक हाक मारली असती तिने," तो म्हणतो. "एकच. मी काय, आम्ही दोघंही गेलो असतो. आता न बोलावता कसं जायचं, तूच सांग." रांग म्हणते, खरंय, खरंय. रेमंड तळणीकडे बघत राहतो.

पण त्या सोमवारी तो एवढं काही बोलला नाही. दफनानंतर चर्चच्या सभागृहात चहा होता. विओरिकाने उकडलेल्या गव्हाचा अक्रोड-साखर घातलेला गोड प्रसाद केला होता, लोक तो कागदी बशीत चमचाभर घेऊन भिंतीशी उभे होते. पिंचबेकबाई टेबलापाशी सँडविचवरचं फडकं काढत होत्या. टेरेन्स बशी हातात घेऊन विओरिकासमोर आला. बुटांना अजून चिखल होता, दोघांच्याही.

"छान झालं सगळं," तो म्हणाला.

विओरिकाने किंचित हसून मान जरा तिरकी केली. "हो ना," ती म्हणाली. "आणि पाऊसही थांबला, नशीब."

एकही चूक नव्हती. आवाज योग्य तेवढाच वर गेला होता, 'नशीब'च्या आधी श्वासभर थांबली तेही बरोबर. आंधळ्याने ऐकलं असतं तर म्हणाला असता, ही बाई इथलीच, याच कालव्याकाठी वाढलेली. टेरेन्सचे खांदे सैल झाले, त्याने "हो, हो, नशीबच" म्हटलं आणि तो हलका होऊन जॉयसकडे गेला. पिंचबेकबाईंनी हे ऐकलं. त्या टेबलाकडे वळल्या आणि ज्या ताटावर सँडविच नीटच मांडले होते, ते पुन्हा एकेक करून मांडत राहिल्या.